सोमवारचं बंद दार

आमच्या आईचा मानीपणा सगळ्या उत्रोलीत नावाजलेला होता. लोक कौतुकानं सांगत. मला त्या कौतुकाची चीड आहे.

महायुद्धाची वर्षं होती, बाजारात तांदूळ दिसेना. आमच्या आळीतल्या बायकांनी मिळून एक सोय केली होती. दर सोमवारी दोघीजणी टोपली घेऊन घरोघर फिरत आणि प्रत्येक घर त्यात ओंजळभर भात घाली, सालासकट. ज्या घरी चणचण असेल तिथं तो कांडायला जाई. कांडलेल्या तांदळात त्या घरच्या बाईचा वाटा असे, उरलेला भोरच्या बाजारात विकून पुढच्या घराची सोय होई. भीक घातली असं कुणाला वाटत नसे. बाई आपल्या मुसळावर जगे. गरज असलेल्या घरानं सोमवारी फक्त दार लावून घ्यायचं. बंद दारापाशी कुणी काही विचारायचं नाही, दुसऱ्या दिवशी परसदारी गुपचूप भात आणून ठेवायचा. कुणाची मान खाली जायला नको म्हणून ही रीत आईनंच सुचवली होती. पहिल्या सोमवारी टोपलीही तिच्याच डोक्यावर होती.

त्यातल्याच एका साली वडील, भाताच्या रोपांच्या वाफ्यावर राब भाजायला, फांद्या तोडताना झाडावरून पडले. कंबर कायमची गेली, लावणी राहिली, आणि सुगीत सगळ्यांची खळी भरली तेव्हा आमची कणगी रिकामी होती. आई शेजारणींना सांगू लागली, "विंझरहून भाऊ पोचवतोय की. आमाला काय कमी न्हाई."

मामा काही फिरकला नव्हता. तरी सोमवारी आमचं दार सताड उघडं, आणि टोपलीत आईची ओंजळ पडायची. बियाण्याचं गाठोडं सोडून त्यातलं ती देत होती.

धाकटी बहीण नुकती चालायला लागली होती. ती चालायची थांबली. मग तिचे पाय सुजले, मग ती रडेनाशी झाली. आई म्हणायची, पोर शहाणी झाली. मला तेव्हाही ते खरं वाटलं नाही.

"या सोमवारी दार लाव," वडील अंथरुणावरून म्हणाले. "पोरीकडं बघ जरा."

"रीत म्या घातली, आन् म्याच दार लावू?"

"मग काय पोर घालवतीस?"

सोमवारी तिनं दार लावलं. आम्ही आत श्वास रोखून बसलो. बाहेर पावलं आली आणि थांबली.

"बंद हाय गं."

"विंझरला गेली असंल. धन्याला तिकडं दाखवायचं म्हनत हुती. भाऊ गाडी घिऊन आला असंल."

"बरं झालं बाई. माहेर लई भक्कम हाय तिचं."

मी ओरडायला उठले, तर आईनं माझं तोंड दाबून धरलं. वडिलांनी हाक मारायला तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि मिटून घेतलं. पावलं पुढच्या घराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आई परसदारी जाऊन बघत होती. तिथं काहीच नव्हतं. घरात नाहीत त्यांच्यासाठी भात कोण ठेवील?

गुरुवारी बहीण गेली.

मग सगळी आळी दारात जमली. "अगं, एक शब्द तरी बोलायचा हुतास," म्हणत बायका ऊर बडवत होत्या, आणि त्या खोटं रडत नव्हत्या.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून घरोघरून जेवण आलं. भाकरी, पिठलं, पातेलंभर भात. असं आलेलं अन्न घ्यायला कुणाला लाज वाटत नाही, तशी रीतच आहे. आईनं वडिलांना वाढलं, मला वाढलं आणि खाली मान घालून स्वतःही जेवली. मी आणखी भात मागितला, तो तिनं घातला. त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो.