हळदीकुंकवातलं लोखंड

मी नांदेडला पेशींच्या मरणावर संशोधन करते. आमच्या मुखेडच्या गल्लीत हे सांगणं अवघड, कारण तिथे पोरगी काय शिकते याचं उत्तर एका शब्दात लागतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं मला बायकांसमोर उभंच केलं. ‘सांग की, तिकडं काय करून राहिलीस ते.’

मलाही चेव आला. म्हटलं, जुनं तेल खवट होतं ना, तशी पेशीच्या आवरणातली चरबी खवट होते आणि पेशी मरते. हे घडवून आणतं लोखंड. हृदयविकाराचा झटका, लकवा, किडनीचे आजार, अशा कितीतरी ठिकाणी त्याचा हात सापडतो. बायकांनी माना डोलावल्या, वाण घेतलं आणि गेल्या.

त्याच आठवड्यात भंगारवाल्याचं नशीब फळफळलं. गल्लीतले तवे, कढया, एक अडकित्तासुद्धा त्याच्या गाड्यावर चढला. नांदेडला परतून मी हा किस्सा प्रयोगशाळेत रंगवून सांगितला आणि आम्ही पोट धरून हसलो.

पुढच्या खेपेला घरी आले, तर आई जिना चढताना धापा टाकत होती. तिच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं, पण अंगात रक्त वाढल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. त्यासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात जशाच्या तशा. माझी घाबरगुंडी उडाली.

मग समजावणं सुरू. शरीर लोखंड बांधून ठेवतं गं, दावं तोडून मोकाट सुटलेलं तेवढंच नासधूस करतं. तुझ्या अंगात तर ते पुरेसंसुद्धा नाही. आई शेंगा फोडत ऐकत होती.

‘कळलंय मला. डॉक्टरबी तेच म्हणले.’

‘मग गोळ्या घेत का नाहीस?’

‘तू सगळ्यांदेखत सांगितलंस. आता मीच गोळ्या खाऊ लागले तर गल्ली म्हणल, पोरीचं शिक्षण खोटं हाय.’

मला रागही आला आणि रडूही. गोळी अन् पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.

‘आधी खिडकी लाव,’ ती म्हणाली.

मी खिडकी सताड उघडली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, ‘आई, गोळी घे! मी सांगितलं ते अर्धवट होतं!’

आईनं माझ्या दंडाला कचकचून चिमटा काढला आणि मग गोळी गिळली.