उंच बाप

वेन्या आमच्या समोरच्या दारात राहायचा. उरलमधल्या आमच्या गावातल्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. उंचीने माझ्या खांद्याएवढा, आणि मी काही कोणी ताडमाड बाई नाही. बायको गेल्यावर त्याने मुलाला, रोद्याला, एकट्याने वाढवलं. दर हिवाळ्यात पाण्याचा पाइप घेऊन अंगणात बर्फ जमवायचा, हात सुजेपर्यंत, आणि पोरगा शाळेतून आला की त्याला स्केट्स घालून त्यावर सोडायचा. रोद्या चौदाचा झाला तोवर त्याच्या हॉकीच्या काठीवरची चकती काढून घेईल असा गावात कोणी उरला नव्हता.

मग मोठ्या शहरातल्या हॉकीच्या निवासी शाळेची निवड आली. तिथला कोच एक डोळा बर्फावर ठेवतो आणि दुसरा बाकांवरच्या आईबापांवर, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाण तशी माती. बाप बुटका तर पोरगाही बुटकाच राहणार, मग त्याला वर्षानुवर्षं खाऊ कशाला घालायचं? आदल्याच साली आमच्या गावचं एक चांगलं पोर असंच परत आलं होतं.

वेन्या आमच्याकडे सूप प्यायला बसला होता. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "इग्नात, तू उभा राहा. बाप म्हणून."

"मी? मला बर्फावर धड चालता येत नाही."

"तुला खेळायचं नाहीये रे, खांबा. नुसतं सरळ उभं राहायचंय. तेवढं जमेल ना?"

"आणि तू?"

"मी शेजारी."

मी म्हटलं, असलं खोटं पचत नाही. दोघांनीही ऐकलं नाही. निवडीच्या दिवशी कोचने इग्नातचा हात हातात घेतला, मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाढेल पोरगा."

तेव्हापासून कागदांवर वेन्यामिन म्हणून सह्या वेन्याच्या आणि शाळेत वेन्यामिन म्हणून उभा इग्नात. सामन्याला दोघेही जायचे. इग्नात पालकांत बसायचा, वेन्या पार वरच्या रांगेत. इग्नातला 'पप्पा' म्हणताना रोद्याची जीभ अडखळायची. पुढे ती अडखळेनाशी झाली. वेन्याला त्याचं समाधान वाटायचं. मला त्या माणसाचा राग यायचा आणि कीवही.

रोद्या काही वाढला नाही. कोच म्हणायचा, बाप एवढा उंच आहे, उशिरा वाढेल. म्हणून त्याला काढलं नाही, दुप्पट अंगाच्या पोरांसमोर उतरवत राहिले. सतराव्या वर्षी एकाने त्याला कडेच्या फळ्यांवर असा चेपला की तो उठलाच नाही.

आम्ही तिघे इस्पितळात पोचलो. नर्स म्हणाली, आत फक्त बाप. कोच तिथेच होता, त्याने इग्नातला पुढे केलं. इग्नात वेन्याकडे बघत राहिला.

मी वेन्याचा दंड धरला. "आता तरी खरं सांग."

"गप बस. उद्या शुद्धीवर आला आणि शाळेने हाकलून दिलं तर? जा रे इग्नात. पाय हलवतोय का, ते बघ."

इग्नात आत असतानाच रोद्या गेला.

इग्नात बाहेर आला तेव्हा कोचने त्याला मिठी मारली. "वेन्यामिन, सोन्यासारखं पोर होतं तुझं." वेन्या स्वतःचा आणि इग्नातचा असे दोन कोट धरून उभा होता. त्याने ते जमिनीवर ठेवले.

"माझं होतं," तो म्हणाला. "मी त्याचा बाप आहे."

कोचने खाली वेन्याकडे पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आपल्या सगळ्यांचंच होतं, दादा," असं म्हणून तो पुन्हा इग्नातकडे वळला.