पंख्याच्या पात्यांसाठी हार्डनरचं माप

कारधा गाव ओलांडून हमरस्त्याला लागलं की आमची शेड होती. तिथे मोठ्या कूलिंग टॉवरच्या पंख्यांची फायबरची पाती बनत. मी पात्यांची तपासनीस होते. काम ठरलेलं: साच्याला मेण लावायचं, पातळ राळेत ती घट्ट करणारं हार्डनर मिसळायचं, काचेच्या धाग्याचे थर त्या राळेने बसवायचे, दुसऱ्या दिवशी पातं काढून कडा घासायच्या आणि मग वजन करायचं.

घासकामात काचेची भुकटी उडे. तिथल्या एका बाईंचे हात कोपरापर्यंत सोलून निघाले होते. खाजेने झोप येत नाही म्हणून त्यांनी मिश्रणाचं काम मागून घेतलं. फोरमनने दिलं, पण नापसंतीनेच.

पहिल्याच आठवड्यात राळ बादलीत घट्ट व्हायला लागली. थर अर्धवट, ब्रश कडक.

"मावशी, राळ बनवून राहिल्या का चिक्की?" साच्यावरचा कारागीर ओरडला.

"चिक्की असती तं तुले कायले देली असती?" बाई म्हणाल्या. पण चेहरा उतरला होता.

फोरमनने सांगितलं, "आणखी एक पातं बिघडलं, तर परत घासायला."

पुढची बादली मी शेजारी उभी राहून पाहिली. बाईंनी हार्डनरचं माप बरोबर भरलं, राळेत ओतलं आणि लगेच बाटली तिरकी करून वरून आणखी एक धार सोडली.

"हे वरचं काहून टाकलं?"

"माप झाल्यावर हात तसाच कसा मागे घेऊ जी? खळ्यावर धान मोजून देतो, तवा वरून ओंजळ टाकतोच. नाही टाकली तं लोक म्हणतील, बाईचा हात आखडता हाये."

"ही राळ आहे. तिला ओंजळ चालत नाही. जास्त हार्डनर पडलं की ती लवकर आळते."

त्यांना ते पटलं. तरी पुढच्या वेळी हात पुन्हा बाटलीकडे गेलाच. तेव्हा मी क्रम बदलून दिला: माप भरायचं, बाटलीला बूच लावायचं, ती फळीवर ठेवायची, मगच माप ओतायचं.

त्या दुपारी सगळे थर बसले, तोवर राळ पातळच होती. सकाळी पातं साच्यातून निघालं. फोरमनने नाण्याने ते टोकापासून बुडापर्यंत वाजवून पाहिलं. कुठे पोकळ आवाज आला नाही.

"ऱ्हाऊ द्या यायले इथंच," तो बाईंकडे बोट करून म्हणाला.

बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि पुढची बादली ओढली.

घासायला माणूस लागणारच होतं. दोन दिवसांनी त्यांच्याच शेजारच्या घरातली एक तरुण सून त्या जागी आली. भुकटी हातांना लागू नये म्हणून मी तिला लांब बाह्यांचा जुना सदरा आणायला सांगितलं. तिने आणला, पण भर उन्हाळ्याचे दिवस होते, दुपारपर्यंत तिने बाह्या वर सारल्या होत्या.