काचेआडची रेघ

आमच्या लातुरातल्या नवजात बाळांच्या आयसीयूत हसायला कुणाला फुरसत नसते, म्हणून किस्से तसेच साठत जातात. मी इथली सिस्टर. बाळांच्या मेंदूवर नजर ठेवणारं मशीन आलं आणि किस्से उतू जायला लागले.

उद्घाटनाला एक पुढारी आले. नारळ फुटला, फीत कापली. स्क्रीन बघून म्हणाले, "आमचाबी मेंदू दाखवा की यात!"

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "साहेब, हे फक्त नवजातांसाठी आहे."

मागून कार्यकर्ता ओरडला, "लावा की मग! साहेब या पक्षात कालच आलेत!"

मग आलं उदगीरच्या एका सरांचं बाळ. सर इथल्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. बाळ जन्मल्यावर रडलंच नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. मेंदू वाचावा म्हणून आम्ही त्याला थंड गादीवर ठेवलं, डोक्याला तारा लावल्या. स्क्रीनवर त्याच्या मेंदूची रेघ उमटायला लागली. पुढे काय होईल, हे मॅडमनाही सांगता येत नव्हतं.

सरांची आई माझ्यावरच घसरली. "लेकराला शेक द्यायचा सोडून गारठवायलात? तुमाला पोरंबाळं हायत का न्हाईत?"

मला दोन आहेत. मी गादीचा गारवा तपासत राहिले.

सर मात्र स्क्रीनच बघायचे. जन्मभर पेपर तपासलेला माणूस! शेजारच्या बाळाची रेघ उसळलेली दिसली, तर तोंड पाडून म्हणाले, "सिस्टर, त्याला जास्त मार्क कसे?"

"सर, त्याला झटके येतायत. औषध देऊन आम्ही ते थांबवतोय."

"मग आमचं ढ राहू द्या. चालतंय!"

एकदा आजींना हात धुवायला लावून आत सोडलं. त्यांनी नजर चुकवून बाळाच्या कपाळाला विभूती लावली. तार सुटली, मशीन बोंबललं, रेघ गायब! बाहेरून सर काच बडवायला लागले. मॅडम धावत आल्या, कपाळ पुसलं, तार चिकटवली. रेघ परत आली.

आजींनी हात जोडले. "बघा, इभूतीचा गुण!"

मॅडमच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मॅडमनी सरांना समजावलं होतं, "बाळाचं झोपणं आणि जागणं रेघेत वेगवेगळं दिसायला लागलं, की समजा, मेंदू सावरतोय." झालं! सर काचेपासून हलेनात. डबा तसाच, क्लास दुसऱ्यावर. तीन दिवसांनी गारवा थांबवून बाळाला पुन्हा ऊब दिली, तरी रेघ आपली एकसारखी. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एका सकाळी मॅडम स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, झोपतंय बरं का! हे बघा, इथं जागं झालं. इथं परत झोपलं."

सर हमसून हमसून रडले. मग पेढे घेऊन आले आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांच्या हातावर ठेवत सुटले.

कुणीतरी विचारलं, "काय सर, मुलगा का?"

"पोरगं झोपलं!"

लोक पेढा हातात धरून बघतच राहिले. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. बॅचची पोरं विचारत होती, आज टेस्ट आहे ना?

"कसली टेस्ट?" सर ओरडले. "रूमवर जा अन् झोपा सगळे!"