डोळे मिटून बोललेलं खोटं

शनिवार, ३ जानेवारी. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा दिवस. सकाळी भिजत घातलेल्या काळ्या मनुका कुसकरून पातळ फडक्यातून रस गाळते आहे. प्याले धुऊन पालथे घातलेत. भाकरीची कणीक पहाटे मळेन, बिनखमिराची. सासूबाई गेल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. मध्ये काही महिने ते दुसऱ्या हातात गेलं होतं. परत माझ्याकडे कसं आलं — ते आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. देवाला? त्याच्यापुढे बसले की या विषयाला वळसा घालून जाते.

मी रडणाऱ्यातली बाई नाही. सेनगावात पिठाची गिरणी चालवते. जन्मापासून ख्रिस्ती. आमच्या चर्चच्या मंडळीत चटया कोणी टाकायच्या, आजाऱ्याला भेटायला कोणी जायचं, सगळं माझ्या शब्दावर चालायचं. मग कमल आली.

कमल तांड्यावरची. घरात एकटीनं येशूवर विश्वास धरलेला, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण ती प्रार्थना करायची तेव्हा शेजारी बोलल्यासारखी करायची. बायका ताप आलेली लेकरं घेऊन तिच्याकडे जायला लागल्या. माझ्यासमोरून जायच्या, मला ओलांडून. मग एक दिवस पाळकसाहेब सहज म्हणाले, या वेळी भाकर कमलला करू द्या. मी हसून हो म्हणाले. त्या हसण्याचं काय करू? पोटात काय होतं ते मला तेव्हाच ठाऊक होतं.

त्याच उन्हाळ्यात मी तांड्यावर गेले होते, तिची सासू आजारी होती म्हणून. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. घरच्यांनी देवीला भोग ठेवला होता, आणि म्हातारीला धरून न्यायला कमलशिवाय कोणी नव्हतं. कमलनं तिला हाताला धरून नेलं, बसवलं. म्हातारीनं चाचपडत कमलच्या कपाळाला कुंकू लावलं. कमलनं लावू दिलं. म्हातारीला घरात आणून निजवलं, मग परसात येऊन पदरानं कपाळ पुसलं. मी दारातच होते. आमची नजरानजर झाली. मी सगळं पाहिलं होतं — कुंकू लावलेलं पाहिलं, पुसलेलंही पाहिलं.

आता नीट सांगते. पुढच्या गुरुवारी महिलांची प्रार्थनासभा होती. कमल आली नव्हती. मी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, हे प्रभू, आमच्या कमलला सांभाळ, ती देवीपुढे कपाळाला कुंकू लावून बसली, तिला जुन्या वाटेवरून माघारी आण. एवढंच. पुसल्याचं बोलले नाही. गळा दाटून आल्यासारखा आवाजही काढला.

चुगली केली असती तर कोणी तरी विचारलं असतं — तू पाहिलंस का, कधी, कशाला बसली होती? प्रार्थनेला कोण उलट विचारतं? बायका आमेन म्हणाल्या. रविवारपर्यंत मंडळीभर झालं.

पाळकसाहेबांनी कमलला सगळ्यांसमोर विचारलं. तिनं झालं तसं सांगितलं. मग माझ्याकडे वळली.

"आक्का, तुमी व्हत्या ना तितं. सांगा की."

मी काय म्हणाले असेन? नाही म्हणाले नाही. खोटंसुद्धा सरळ बोलले नाही. म्हणाले, "मी काय सांगू कमल, प्रभूला सगळं ठाऊक आहे."

तिला मागे बसवलं. प्याला बंद. आमच्यात रीत आहे, मागे फिरलेल्यानं पश्चात्ताप केल्याशिवाय प्याला घ्यायचा नाही. ती नसलेल्या पापाचा पश्चात्ताप कुठून आणणार? तरी येत राहिली. प्याल्यांचं तबक फिरवायचं काम माझं. दर वेळी मी ते तिच्या डोक्यावरून पलीकडे नेलं. तांड्यावरच्या बायका तिला म्हणायच्या, दोन घरची पाहुणी उपाशी. मग ती यायची थांबली. भाकर माझ्याकडे परत आली. आणि ती मी छान करते, लोक म्हणतात.

भोजनाच्या आधी पाळकसाहेब सांगतात, आपापलं मन तपासा. सगळे गप्प बसतात. इतकी वर्षं मी त्या शांततेत काय केलं? सुनेला टाकून बोलले, गिऱ्हाइकावर खेकसले — चिल्लर पापं एकेक पुढे करत गेले, म्हणजे मोठ्याकडे वेळ पुरायचा नाही. लहानपणापासून ऐकलं होतं, पाप दारूच्या गुत्त्यावर असतं, जत्रेत असतं. माझं पाप प्रार्थनेत येऊन बसलं. दुसरीकडे त्याला एवढा मान मिळाला नसता.

आज दुपारी कमल गिरणीवर आली. केस पांढरे झालेत. ज्वारीचा डबा ठेवला आणि पट्टा फिरत असतानाच म्हणाली, "सासू गेली आक्का, दिवाळीत. उद्या येऊ का मी? मागं बसते. प्याल्याला हात लावत न्हाई, फिकीर नका करू."

ती माझी परवानगी मागत होती. मी फक्त "ये" म्हणाले आणि पीठ भरून दिलं.

रस गाळून झाला. झाकून ठेवते.

रविवार. कमल आली, शेवटच्या चटईवर बसली. पाळकसाहेबांनी मनं तपासायला सांगितलं, सगळ्यांनी डोळे मिटले. मी उभी राहिले आणि म्हटलं, डोळे उघडा, मी प्रार्थना करत नाही, बोलते आहे. मग कमलचं नाव घेऊन सगळं सांगितलं — म्हातारी, कुंकू, पुसलेलं कपाळ, माझी प्रार्थना, आणि ती साक्ष मागत होती तेव्हाचं माझं उत्तर.

पुढच्या चटईवरून मार्थाबाईंनी विचारलं, "तवाच काहून न्हाई सांगितलं?"

"लोक तिच्याकडे जात होते. मला ते सोसत नव्हतं," मी म्हणाले.

पाळकसाहेब स्वतः तबक घेऊन मागे गेले, कमलपुढे वाकले. तिनं प्याल्याकडे पाहिलं.

"आज न्हाई," ती म्हणाली.

तबक फिरत माझ्यापर्यंत आलं. मी प्याला न घेता ते शेजारणीकडे दिलं.