मी भिंत बघतोय

"मी भिंत बघतोय. टाका."

एवढं म्हणून आमचे कॉम्प्युटरचे सर वर्गाकडे पाठ करून उभे राहायचे. हात मागे, नाक भिंतीपासून वीतभर लांब. आणि पाठीमागे तिसरीतली पोरं आपापला पासवर्ड टाकत असायची. तुम्हीही शाळेत गेला आहात, मास्तर पाहिले आहेत. पोरांकडे अशी पाठ फिरवायची हिंमत केलेला एक तरी आठवतो का? मी फळ्यावर लिहितानासुद्धा एक डोळा मागे ठेवते बाई!

मी तिसरीची वर्गशिक्षिका. आमची शाळा इंदुरात, लालबागच्या बाजूला, लहानशीच. सर रोज महूहून बसने यायचे. आजोबा फौजेत, वडील फौजेत. "त्यांनी बंदूक धरली, मी माउस धरला," असं स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

एका कॉम्प्युटरवर दोन पोरं बसत. एकानं पासवर्ड टाकायचा, दुसऱ्यानं तोवर भिंत बघायची. मग अदलाबदल. पासवर्ड आईला सांगायचा नाही, जिवलग मैत्रिणीला नाही, आणि सरांना तर मुळीच नाही. मी काही कामानं आत डोकावले की म्हणायचे, "मॅडम, तुम्हीसुद्धा. भिंत."

माझं डोकंच फिरायचं. एकदा मी म्हटलं, "अहो, लपवण्यासारखं आहे काय त्यात? पोरांनी कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र, एक झोपडी नि दोन नारळाची झाडं! इंदुरात नारळाचं झाड पाहिलंय तरी का कुणी?"

"झोपडी तर झोपडी. ज्याची त्याची आहे ना?" सर म्हणाले. "आम्ही सहा भावंडं. घरात एकच कुलूप, बाबांच्या फौजी पेटीचं. मला फार वाटायचं हो, आपलंही एक असावं."

पोरं पासवर्ड विसरायची, रडायची. एक जण तर आठवड्यात तीनदा विसरला. सर त्याची पाठ थोपटून म्हणाले, "वा रे पठ्ठे! मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. तुझ्याइतकी पक्की तिजोरी कुणाची नाही." पोरगं रडता रडता हसलं. मग सरांनी त्याला नवा टाकायला लावला आणि पुन्हा भिंत बघत उभे राहिले.

नऊ वर्षं सर तात्पुरत्या नेमणुकीवर होते. दर मार्चमध्ये धाकधूक. त्या वर्षी मात्र नक्की ठरलं होतं. संस्थेचे अध्यक्ष येऊन वर्ग बघणार आणि सरांना कायम करणार. सर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशात नवं पेन. मला म्हणाले, "मॅडम, आज घरी जाताना मिठाई घेऊन जाणार."

अध्यक्षसाहेब आले. महक नावाच्या चिमुरडीच्या मागे जाऊन उभे राहिले. "चलो बेटा, अपना काम दिखाओ."

महकनं मान वर केली. "अंकल, पहले मुंडी उधर."

साहेब हसले, पण हलले नाहीत. महकनं दोन्ही हात मागे घेतले. साहेब पुन्हा म्हणाले, "खोलो बेटा." हात मागेच. साहेबांचं हसू गेलं. मला म्हणाले, "मॅडम, आप समझाइए."

आता मी काय करावं? मी म्हटलं, "महक, टाक गं. बडे सर आहेत ना!"

महकनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरांकडे बघत होती. सर एक शब्द बोलले असते तर तिनं टाकला असता. सर वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिची जोडीदारीण तर आधीच भिंत बघत होती. सर भिंतीलाच म्हणाले, "साहब, बस दो सेकंद का काम है. आप भी दीवार देख लीजिए."

साहेब दाराकडे वळले आणि निघून गेले. कायम करणं राहिलंच, मार्चनंतर नेमणूकही पुढे वाढली नाही.

मी सरांवर भडकले होते. "एकदा टाकू दिला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"वर्षभर तिला सांगितलं, कुणालाच नाही," सर म्हणाले. "आता बडे सर आले की चालतं, असं कसं सांगू? मॅडम, तिच्या आयुष्यात पुढे बडे सर पुष्कळ येणार आहेत."

खरं सांगते, त्या दिवशी महकभोवती भिंत न बघणारे दोघंच होतो. एक साहेब आणि एक मी. हे मला अजून टोचतं.

नंतर सर महूला घरीच गल्लीतल्या पोरांना शिकवत असत. मी जाईन जाईन म्हणत राहिले. गेले ते यंदा, सर गेल्यावर.

त्यांच्या बायकोनं चहा केला. मी म्हटलं, "वहिनी, पोरांबरोबरचा त्यांचा एखादा फोटो मिळेल का? शाळेत लावीन म्हणते." त्यांनी सरांचा मोबाइल आणला.

"पासवर्ड सांगितला होता त्यांनी?"

"सांगतात कुठले!" त्या हसल्या. "दुखण्यात एक दिवस फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, आता हा तुझा, तुझा पासवर्ड टाक. उठवत नव्हतं हो त्यांना. तरी कण्हत कण्हत कुशीवर वळले, भिंतीकडे."

मग मोबाइल हातात धरून त्या थांबल्या. थोड्या संकोचल्या. "ताई, राग नका मानू. जरा भिंत बघता?"

मी उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. हात आपोआप मागे गेले.

"झालं ताई, फिरा आता."

"दोन सेकंद, वहिनी," मी म्हटलं आणि पदरानं डोळे पुसत भिंतच बघत राहिले.