मी ऑस्ट्रियात गाडी चोरली तेव्हा

चहा येईपर्यंत एक कबुली देऊन टाकतो. नंतर दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. मी, वय वर्षं चोपन्न, पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस चालवणारा, दुसऱ्याच्या बागेतला घड कधी विचारल्याशिवाय न तोडलेला माणूस, मी युरोपात गाडी चोरली!

हसताय काय? खरंच चोरली. दिवसाढवळ्या, बायकोला शेजारी बसवून!

झालं असं. दिलीप माझा शाळेपासूनचा दोस्त, मूळचा सायखेड्याचा. नोकरीसाठी नेदरलँड्सला गेला तो तिथलाच झाला. त्याच्याकडे एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. दोनच माणसांची, कापडी छताची, वयानं आमच्या थोरल्या मुलीपेक्षा मोठी. त्याची बायको म्हणते, "घराला आग लागली तर हे मला नंतर उचलतील, आधी गॅरेजकडे पळतील."

मागच्या उन्हाळ्यात मी आणि मंगल, म्हणजे आमची ही, त्याच्याकडे गेलो. पठ्ठ्याच्या पाठीचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं.

"सुन्या," तो म्हणाला, "उभी राहून राहून गाडी खराब होईल रे. तू आणि वहिनी इटलीपर्यंत फिरवून आणा. फक्त जीव लावून चालव."

मला काय, आयतंच हवं होतं! लायसन्स नाशिकहूनच काढून नेलं होतं. निघालो.

पहिले तीन दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. तिकडं स्टिअरिंग डावीकडे. गिअर बदलायला गेलो की माझा डावा हात सवयीनं दारावर आपटायचा. गाडी इतकी बुटकी, की शेजारून ट्रक गेला की त्याचं चाक कानाला लागून गेल्यासारखं वाटायचं. त्यात तिसरा गिअर टाकला की दगड भरडल्यासारखा आवाज. आणि हीटर बंदच होईना. जुलै महिन्यात हीटर! मंगल वर्तमानपत्रानं वारा घेत म्हणायची, "युरोपची थंडी दाखवतो म्हणाला होतात ना?"

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही ऑस्ट्रियातल्या एका घाटाच्या माथ्यावर पोचलो. तिथं एक कॅफे होतं. एका मोठ्या टुरिस्ट बसच्या शेजारी मी गाडी लावली. बॉनेट उघडलं, उगीच इकडं तिकडं बघितलं, आणि एक स्क्रू ढिला वाटला तो मंगलच्या नेलकटरनं आवळून टाकला. पॅकहाउसचं कोल्ड स्टोरेज अर्ध्या रात्री बंद पडलं तरी मी असाच काहीतरी आवळतो. निम्म्या वेळा ते चालूही होतं.

मग कॉफी झाली, फोटो झाले. बाहेर आलो तोवर बस निघून गेली होती. समोर लाल गाडी उभी. तीच पिवळी नंबरप्लेट. दार उघडलं, किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच झटक्यात सुरू!

आता इथं मी थोडा विचार करायला हवा होता. पण यश डोक्यात गेलेला माणूस विचार करतो का?

तिसरा गिअर टाकला. लोण्यात सुरी! हीटरचं बटण दाबलं. बंद!

"बघितलंस?" मी म्हणालो. "चार दिवस नुसता सहन केला हा त्रास. एक स्क्रू होता, एक!"

"अहो, माझी पाठीमागची उशी कुठंय?"

"डिकीत टाकली असशील."

"मी नाही टाकली. आणि हा वास कसला? फुलांचा?"

"डोंगराची हवा आहे मंगल! पिंपळगावात राहून आपलं नाक मेलंय."

"ही सीट पण वेगळी लागतेय हो."

"हीटर बंद झाला ना, मग चामडं थंड होऊन बसलं." सांगतो तुम्हाला, त्या दिवशी माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं!

दहा-बारा वळणं उतरलो असू. आरशात पोलिसांची गाडी दिसली, वर निळा दिवा फिरतोय. मला वाटलं, घाईत असतील बिचारे. मी बाजूला घेऊन हात बाहेर काढला आणि आपल्याकडे एसटीला देतो तशी साइड दिली. जा बाबा पुढे!

ते जाईनात. मी आणखी जोरात हात हलवला. मग त्यांनी भोंगा वाजवला.

"गाडी आवडली वाटतं त्यांना," मी म्हणालो.

देवाशपथ, हे मी म्हणालो!

शेवटी त्यांनी पुढं येऊन गाडी आडवी घातली. एक उंच पोलीसबाई आणि एक मिशीवाला. बाईंनी इंग्रजीत विचारलं, "ही गाडी कोणाची?"

"माझ्या मित्राची. दिलीपची."

"कागद?"

मी ऐटीत समोरचा खण उघडून पाकीट दिलं. बाईंनी वाचलं. मिशीवाल्यानं वाचलं. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या मित्राचं नाव यान आहे?"

"नाही हो. दिलीप."

"पासपोर्ट?"

"डिकीत, बॅगेत." एवढं सगळं होऊनही मी निर्धास्तच! उतरलो, डिकीपाशी गेलो आणि म्हणालो, "बघा, आत आमच्या दोन बॅगा आहेत आणि एक प्रेशर कुकर."

डिकी उघडली.

आत कुकर नव्हता. बॅगा नव्हत्या. आत पारदर्शक पिशवीत नीट घडी घातलेला, मोत्यांचं काम केलेला, पांढराशुभ्र लग्नाचा झगा होता.

मंगल खाली उतरली, तिनं झगा बघितला, नंबरप्लेट बघितली आणि मग माझ्याकडे वळली. तिचं माहेर सटाण्याचं. फार संतापली की ती सरळ अहिराणीत उतरते.

"डोकं शे का तुमले?" ती ओरडली. "कोन्ही तरी पोरनं लगीन शे!"

मिशीवाल्याला शब्द कळले नसतील, पण भाव कळला. तो एक पाऊल मागं सरकला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दिलीप.

"सुन्या, तू कुठायस?"

"अरे, पोलिसांनी..."

"ते माहितीय मला! त्यांनीच नंबरावरून मला शोधून फोन केला. माझी गाडी वर घाटात उभी आहे. मग तू कोणाच्या गाडीत बसलायस, गाढवा?"

बस! ती टुरिस्ट बस गेली तेव्हा तिच्या पलीकडची गाडी मला दिसली. आमची अलीकडे कोपऱ्यात गपचूप उभी होती. तेच मॉडेल, तोच रंग, तोच देश. पण किल्ली कशी लागली? पोलीसबाईंनाही तोच प्रश्न. मला त्यांच्या गाडीत मागं बसवलं आणि मिशीवाला लाल गाडी घेऊन वर निघाला. मंगलला त्यांनी पुढं बसवलं, मांडीवर तो झगा घेऊन. तिच्यावर संशय नव्हता ना!

ती वळणं परत चढताना माझ्या डोक्यात काय काय आलं म्हणून सांगू? तुरुंग. पेपरात फोटो. आणि कुठंतरी झग्याची वाट बघत बसलेली एक पोरगी. खरं सांगतो, तुरुंगापेक्षा त्या पोरीचीच जास्त भीती वाटली.

वर कॅफेच्या पायरीवर पंचाहत्तरीचे एक आजोबा उभे होते आणि आजीबाई रुमालानं डोळे पुसत बसल्या होत्या. यान आणि एल्स. नातीचं लग्न, दुसऱ्याच दिवशी, घाटापलीकडे इटलीत एका तळ्याकाठी. झगा आजींनी स्वतः शिवला होता. सहा महिने खपून.

मंगल गाडीतून उतरली ती सरळ आजींकडे धावली. झगा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. एक मराठीत, एक डचमध्ये.

मी आजोबांपुढं हात जोडले. "सॉरी, सॉरी, सॉरी." दुसरा शब्दच सुचेना.

आजोबांनी मिशीवाल्याकडून माझी किल्ली घेतली, दिलीपच्या गाडीला लावली. सुरू! मग तीच स्वतःच्या गाडीला लावली. तीही सुरू! मग आपली किल्ली दोन्ही गाड्यांना लावली. दोन्ही सुरू! ते आधी गालात हसले, मग पोट धरून. तीस वर्षांत दोन्ही कुलपं इतकी झिजली होती, की त्यांना कोणतीही किल्ली चालत होती.

"या गाडीला मी एवढी वर्षं कुलूप लावून झोपतो!" आजोबा डोळे पुसत म्हणाले. पोलीसबाईही हसल्या. मिशीवाला तेवढा माझ्याकडे बघत राहिला. कागद लिहिले, सह्या झाल्या आणि आम्ही सुटलो. अहो, मी तिथंच गवतावर बसलो आणि मंगलनं कुकरच्या पिशवीतून काढलेली लाडवांची डबी सगळ्यांपुढं फिरवली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड लाडू तो! पोलीसबाईंनी दोन खाल्ले.

निघताना आजोबा म्हणाले, "उद्या लग्नाला यायचं. नाही आलात तर तक्रार करेन."

गेलो की! नवरी त्या झग्यात अशी दिसत होती, की माझाच ऊर भरून आला. मंगलनं तिची दृष्टसुद्धा काढली, तळ्याकाठच्या हॉटेलातलं मीठ मागून. नाचलो, जेवलो आणि दिलीपची गाडी, हो, दिलीपचीच, एक ओरखडा न पाडता परत केली.

दोन महिन्यांनी टपालानं लग्नाचा ग्रुप फोटो आला. खाली डचमध्ये सगळ्यांची नावं. माझ्या नावापुढं मात्र एक जादा शब्द. दिलीपला फोनवर वाचून दाखवला तर तो म्हणाला, "प्रमुख पाहुणे."

आपण खूश! फोटो फ्रेम करून पॅकहाउसच्या ऑफिसात, माझ्या खुर्चीच्या बरोबर वर लावला. येईल त्या शेतकऱ्याला दाखवायचो, "परदेशातल्या लग्नात प्रमुख पाहुणा होतो."

गेल्या महिन्यात रॉटरडॅमहून एक व्यापारी माल बघायला आला. ऑफिसात चार-पाच बागायतदार बसलेले, त्यात आमचे जुने तात्याही. पाहुण्यानं फोटो वाचला आणि खो खो हसत सुटला.

"काय लिवलंय ओ त्याच्यात?" तात्यांनी विचारलं.

पाहुण्यानं इंग्रजीत सांगितलं, आमच्या मॅनेजरनं मराठीत केलं. "गाडीचोर."

तात्यांनी टेबलावरची आपली किल्ली हळूच उचलली, बंडीच्या आतल्या खिशात टाकली आणि वरून दोनदा थोपटली.

"राग मानू नका मालक," ते म्हणाले, "पन ट्रॅक्टर नवाच हाय."